पदराआडची लाटी

सांगलीच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत भावमापकाचा काटा शून्यावरून हलेना. खुर्चीत डोक्यावर तारांची टोपी घालून आगटे सर बसले होते. आठवणी पडद्यावर जशाच्या तशा दाखवणारा स्मृतिदर्शक त्यांनीच बांधला होता. पत्नी सुलभाताई गेल्यापासून ते रोज एकटेच त्यात बसत.

"नातीचं बारसं झालं, तरी बाबांना काही वाटलं नाही. आतून पार दगड झालाय!" मुलगी शर्वरी म्हणाली. आज ती हट्टानं सोबत आली होती.

"खरंच गं, काहीच वाटत नाही," सर ओशाळून म्हणाले. "पडद्यावर सुलभाचा चेहरा बघूनही नाही."

त्यांची जुनी विद्यार्थिनी डॉ. नसीमा मुल्ला हळूच म्हणाली, "सर, आठवण उघडली की मऊ होते. त्यात नवं काही मिसळलं तर ती ताजी राहते. आपलं यंत्र तिळभरही बदल होऊ देत नाही. तेच ते पाहून मेंदू म्हणतो, काही वाटावं असं इथे आता उरलं नाही."

"मग नवं कुठून आणू? ती तर गेली."

नसीमानं सरांची लाडकी आठवण लावली.

पडद्यावर मिरजेच्या घराची ओसरी आली. पोळपाट, पापडांसाठी केलेल्या उडदाच्या पिठाच्या लाट्यांचं ताट. सरांनी पुस्तकातून मान वर करावी, तर ताट अर्धं रिकामं! सुलभाताई कडाडल्या, "अहो, मांजरानं लाट्या पळवल्या! राखायला बसवलं, तर दगडासारखे बसलात!" आणि तोंडाला पदर लावून पाठमोऱ्या झाल्या.

"रडली बिचारी," सर कोरडेपणानं म्हणाले. काटा शून्यावरच.

शर्वरी फस्सकन हसली. "रडली? बाबा, कसलं मांजर? आईनंच खाल्ल्या! निम्म्या मला दिल्या, माजघरात."

"काहीतरीच. मग तो पदर?"

"तोंडात लाटी होती ना! वर हसू आवरेना."

सर पडद्याकडे बघत राहिले. शेकडो वेळा पाहिलेला तो पदर. त्याच्याआड गाल फुगलेला होता, हे आज दिसलं.

"लबाड कुठली," ते पुटपुटले. त्यांना हसू फुटलं, खांदे हलू लागले.

"सर, काटा बघा!" नसीमा म्हणाली.

त्यांनी पाहिलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे पुसले आणि खुर्ची मुलीकडे वळवली.

"अजून काय काय लपवलंत गं दोघींनी? सांग."