मागच्या खुर्चीतला माणूस

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये. हे घडलं भर दुपारी, लख्ख उजेडात, आमच्या मामांच्या कामाच्या खोलीत. मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत. दातांच्या कवळ्या बनवतात. केसभर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही.

त्यांनी सांगितलं तसंच सांगतोय. पदरचं काही घातलेलं नाही.

मामांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला एकच वेड. जुन्या लढाऊ विमानांची, रणगाड्यांची छोटी मॉडेल्स जोडायची. खोका आणायचा, प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मामी म्हणायची, "दोघे घोडे झालेत, तरी खेळणी सुटत नाहीत."

जोडकाम मामांचं, रंगकाम थोरल्यांचं. थोरले दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पण विमानात बसणारी माणसं रंगवणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नखाएवढा माणूस, पण त्याला भुवया असायच्या!

मग थोरल्यांना कंपवात झाला. चहाचा कप ओठापर्यंत नेताना निम्मा बशीत.

तरी शेवटच्या विमानाची माणसं त्यांनीच रंगवली. हातभर लांबीचं बॉम्बर होतं ते. आत पाच जण. त्यातला एक शेपटीकडे, सगळ्यांकडे पाठ करून, मागची बंदूक धरून बसणारा. थोरल्यांनी अंथरुणात बसून, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून पाचही जण रंगवले.

चेहरे फिसकटले होते. एकाचा तर डोळा गालावर उतरला होता.

प्रदर्शन तोंडावर आलेलं. तिथे परीक्षक टॉर्च मारून विमानाच्या आत बघतात. खुर्ची रिकामी असली तर मार्क जात नाहीत. रंग फिसकटला असला तर जातात. मामांना हे पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी पाचही माणसं कचऱ्यात टाकली.

मग विमानाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवून बंद केले. सांधा घासून गुळगुळीत केला. नाकात शिशाचं वजन आधीच भरलेलं होतं. पुढे एक आणि पंखांखाली दोन अशा चाकांवरचं विमान, नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतं.

थोरल्यांनी विचारलं, "बसवलीस ना सगळी?"

"हो दादा. झकास बसलीत."

थोरल्यांनी विमान हातात घेतलं. खिडकीच्या उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत राहिले.

"छान," एवढंच म्हणाले.

पहिला नंबर आला. मामांनी बक्षीस थोरल्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं. थोरल्यांनी मान वळवून पाहिलंही नाही. आजारपणाने कंटाळलेत, अशी मामांनी स्वतःची समजूत घातली. थोड्याच दिवसांत थोरले गेले.

विमान मामांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात राहिलं. एकटे असताना मामा त्याच्याकडे बघायचं टाळायचे. पण लोकांना कौतुकाने दाखवायचे मात्र. काय करणार!

मग एका दुपारी मामा कवळी घासत बसले होते आणि मागून आवाज आला...

टक्.

नख प्लास्टिकवर वाजावं तसा. मॉडेल जोडणाऱ्याला हा आवाज चांगला ओळखीचा असतो. आत काहीतरी सुटलंय. मामांनी विमान काढलं, कानाशी धरून हलवलं.

काही नाही. एकदम मुकं.

परत ठेवलं. कुलूप लावलं. पाठ वळवली...

टक्... टक्...

मामांनी वळून पाहिलं आणि हातातली कवळी खाली पडली. विमानाचं नाक वर उचललेलं होतं. पुढचं चाक हवेत. शेपटी फळीला टेकलेली.

जणू मागे कुणीतरी येऊन बसलं होतं.

मामी म्हणाली, "वजन सुटलं असेल हो नाकातलं."

"सुटलं तर खडखडेल ना? तूच हलवून बघ."

मामीने हलवलं. आवाज नाही.

मामांनी एका गिऱ्हाइकाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा विमानाच्या नाकावर टेकवला. चांगला जड. म्हटलं, आता उचल की! दुसऱ्या दुपारी बघतात तर...

साचा फळीच्या कोपऱ्यात लवंडलेला. नाक वर.

मामा तडक वहिनीकडे गेले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, मी दादाशी खोटं बोललो. ती माणसं मी बसवलीच नव्हती. टाकून दिली."

वहिनींचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे, भाऊजी. त्यांनाही ठाऊक होतं."

"दादा काही बोलला?"

"तुम्ही विमान घेऊन गेलात आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणाले, त्याला माझ्या हाताची लाज वाटली. मग मला शपथ घातली, त्याला कळू देऊ नकोस. वर्षभर खपलाय बिचारा."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाटलं होतं, वहिनी रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्यांनी बारीक करवत घेतली आणि सांध्यावरून विमान चिरलं. मामी दारात उभी.

आत काही नव्हतं. शिसं जागच्या जागी. पाचही खुर्च्या रिकाम्या. मामांना हायसं वाटलं, रडूही आलं. त्यांनी विमान उजेडात तिरकं केलं.

मागच्या खुर्चीवर काहीतरी चमकलं...

गोंदाचा थेंब.

मामांनी बोट लावलं. बोट चिकटलं.

हा गोंद बघता बघता वाळतो. विमान बंद करून वर्ष होत आलं होतं. आणि खुर्चीवर थेंब ठेवतात तो फक्त माणूस बसवायच्या आधी.

विमान अजून तसंच उघडं पडलंय टेबलावर. मामांना ते जोडवत नाही, टाकवतही नाही. बाजारातून दुसरी माणसं आणली, पण रंगवायला घेतली की हातच चालत नाही. त्या खुर्चीला आता ते स्वतः बोटही लावत नाहीत. रोज दुपारी जेवण झालं की मामीला हाक मारतात.

"बघ गं, वाळला का?"

मामी बोट लावून बघते. "वाळला हो," म्हणते.

आणि मोरीत जाऊन बोट घासून घासून धुते.