आकड्यांचा दिवा

दुकानदाराने दोन लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवले होते, एक लहान आणि एक मोठा, आणि बारकीचं काही केल्या ठरत नव्हतं. दोन्ही वापरलेले, दोन्ही साधारण एकाच वयाचे. लहान वहीएवढा, काखेत मारून कुठेही न्यावा असा. मोठा चांगलाच ऐसपैस. त्याच्या उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी बटणं होती, त्यामुळे अक्षरांची बटणं डावीकडे सरकलेली.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," दुकानदार लहान्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "वजन सव्वा किलो, बॅटरी सहा तास. वडिलांसाठी म्हणालात ना? डोळे मिटून न्या."

"डोळे मिटून कशी नेऊ? मी चष्म्याचे नंबर काढते," बारकी म्हणाली. "त्यांचा वाचायचा नंबर अडीच आहे. अक्षर मोठं दिसायला हवं."

दुकानदार मोठ्याकडे बघत घुटमळला. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाला जुना माल विकताना फार त्रास होतो. "हा दोनदा परत आलाय," तो म्हणाला. "खोट काही नाही. मी सगळा उघडून पाहिला, आतलं सगळं पुसून नव्याने भरलं. फक्त आकड्यांच्या बटणांवरचा हा हिरवा दिवा आपोआप लागतो. दिवा बंद असला की ती बटणं चालत नाहीत, एवढंच त्याचं काम. बंद केला तरी थोड्या वेळाने लागतो."

"मग परत का आणला?"

"आधी एका बाईंनी नेला होता, मग एका निवृत्त गृहस्थांनी. दोघंही एकटेच राहणारे. दोघांची तक्रार एकच, की टेबलाशी बसायला जागा पुरत नाही." त्याने खांदे उडवले. "मी विचारलं, टेबल केवढं आहे? तर ते गृहस्थ म्हणाले, सहा माणसांचं."

बारकीला हसू आलं. दुकानदार हसला नाही.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाचं ठरत नसेल तर दोन्ही घरी न्यायचे, तीन दिवस वापरायचे, नको तो परत आणायचा. लॅपटॉप दुकानात उभ्याने कळत नाही, आपल्या खुर्चीत बसल्यावर कळतो, असं त्याचं म्हणणं. त्या बुधवारी संध्याकाळी बारकी दोन पिशव्या दोन हातांत घेऊन घरी आली.

बारकी हे नाव फक्त बाबांपुरतं. ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि बाबांपेक्षा वीतभर उंच, पण बाबांच्या लेखी ती बारकीच राहिली. बाबा एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी करत. एकतीस वर्षं, एकही आठवडा न चुकता. खरं तर 'करत' म्हणायला दोघं होते. बाबा चौकटीत शब्द जुळवायचे, आणि त्यांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसलेली आई घरांच्या कोपऱ्यात बारीक आकडे घालायची, जिथून आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो तिथे. बाबांनी कधी आकड्यांना हात लावला नाही आणि आईने शब्दांना.

आईची एक चूक ठरलेली होती. सोळानंतर ती थेट अठरा लिहायची. दर आठवड्याला. "सतरा राहिलं," बाबा म्हणायचे. "राहू दे, त्याला कुठे जायचंय," आई म्हणायची, आणि मग रबर घेऊन पुढचे सगळे आकडे एकेकाने कमी करत बसायची. एकदा ती चूक तशीच छापली गेली, तेव्हा वाचकांची अकरा पत्रं आली. आईने ती जपून ठेवली होती.

आईला जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून बाबांनी एकही नवं कोडं केलं नव्हतं. साप्ताहिकवाले जुनीच फिरवून छापत होते. आता नवे संपादक आले होते, आणि त्यांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. यापुढे कागदावरचं कोडं घेणार नाही, कॉम्प्युटरवरच पाठवायचं. आणि या शनिवारी नवं कोडं आलं नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

रविवारी सकाळी बारकी जाणार होती. दूरच्या शहरात, डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती. पण तिने मनाशी ठरवलं होतं की बाबांनी एक कोडं पुरं केलं तरच जायचं, नाही तर नोकरीवर पाणी सोडायचं. हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं. बाबांना न सांगताही कळलं होतं, आणि ते त्या दडपणाने आणखीच मुके झाले होते.

टेबलावर दोन्ही लॅपटॉप मांडले तेव्हा बाबांनी मोठ्याकडे पाहून मान हलवली. "नाकापेक्षा मोती जड. एकट्या माणसाला केवढा लागतो, बारके? लहानच बरा."

'एकट्या' हा शब्द ते इतक्या सहज बोलले की ती उगाच वायर सोडवत बसली.

गुरुवारी ते लहान लॅपटॉपसमोर बसले. टेबलाच्या बरोबर मधोमध, कोपरं अंगाशी आवळून. आईची खुर्ची आता भिंतीला लावलेली होती, आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. संपादकांनी रिकामी चौकट पाठवली होती. प्रत्येक घरात अक्षर एकीकडे आणि कोपऱ्यातला आकडा दुसरीकडे टाइप करायचा. दुपारी बारकी चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आली, तेव्हा चौकटीत दोन शब्द होते आणि लॅपटॉप मिटलेला होता.

"अक्षर नीट दिसत नाही का?"

"दिसतं सगळं," बाबा म्हणाले. "पण आकडे पडल्याशिवाय मला ते कोडं वाटत नाही. आणि आकडे हे माझं काम नव्हे."

"मी घालते ना."

"तू तुझं सामान भर," ते मऊ आवाजात म्हणाले. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बारकी स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली.

शुक्रवारी सकाळी तिने मोठा लॅपटॉप मांडून दिला. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला होता. बाबा नाखुशीने बसले. अक्षरांची बटणं डावीकडे असल्याने ती छातीसमोर यावीत म्हणून त्यांनी खुर्ची हातभर डावीकडे सरकवली. मग आपल्या उजवीकडे मोकळ्या राहिलेल्या जागेकडे त्यांनी क्षणभर पाहिलं.

"हे बरं आहे," ते म्हणाले.

दुपारी ती घरी आली तर बटणांचा आवाज दारातूनच ऐकू आला. अर्धी चौकट भरली होती. आईची खुर्ची टेबलाशी होती, बाबांच्या उजव्या हाताला. इस्त्रीचे कपडे पलंगावर घड्या घालून ठेवलेले.

"खुर्ची कशाला ओढलीत एकट्याने? कंबर धरली असती."

"मी कुठे ओढली? मला वाटलं सकाळी तूच ठेवून गेलीस." ते जरा लाजल्यासारखे हसले. "आणि आकडेही घालून गेलीस. न विचारता. पण बरं केलंस हो, बारके. हात चालायला लागला."

तिने वाकून पडद्याकडे पाहिलं. घरांच्या कोपऱ्यात आकडे होते, एक ते नऊ, जिथे हवेत तिथेच. सकाळी ती निघाली तेव्हा चौकट कोरी होती.

"हो," ती म्हणाली. "मीच घातले."

ते खोटं तिच्या तोंडून सहज निघून गेलं. बाबांनीच आकडे घातले असणार आणि ते कबूल करायला त्यांना जड जात असणार, असा तिने हिशेब मांडला. डोळे आणि मन मिळून माणसाला काय काय दाखवतात हे तिने धंद्यात पुष्कळ पाहिलं होतं. एका डोळ्याची नजर गेलेल्या आजींना त्या बाजूला फुलं दिसायची, आणि त्या पूर्ण शहाण्या होत्या. तरी पक्कं करायला म्हणून तिने दुकानदाराने दाखवलेलं बटण दाबून हिरवा दिवा बंद केला. आकड्यांचं एक बटण दाबून पाहिलं. काही उमटलं नाही. मग तिने चष्म्याच्या दुकानात फोन करून उरलेल्या दिवसाची सुट्टी मागितली आणि चहा ठेवायला आत गेली.

स्वयंपाकघरातून टेबल दिसत नाही, पण आवाज येतो. बाबांचा हात तिला पाठ होता. दोन बोटांनी, थांबत थांबत. टक. टक टक. मग विचार. मग टक.

चहाला आधण आलं तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला. हलका, झटपट, बाबा थांबले की त्या थांबण्यात बसणारा. बाबांचा शब्द पुरा व्हायचा, आणि लगेच एक नाजूक टक. मग पुन्हा बाबा.

तिने गॅस बंद केला. चहा दोन कपांत ओतला आणि एक कप घेऊन बाहेर आली.

दारातच थांबली.

बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते पडद्याकडे बघत होते, कुणीतरी आपलं काम संपवायची वाट पाहावी तसे.

टक.

हिरवा दिवा लागलेला होता.

टक. एका घराच्या कोपऱ्यात सोळा उमटलं.

बारकीने कप दोन्ही हातांनी धरला. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीपेक्षा मोठी भीती ही, की आपण पाऊल टाकलं तर हे थांबेल.

पुढचं घर. टक, टक.

अठरा.

बाबांनी पडद्याकडे वाकून पाहिलं. मग उजवीकडे मान न वळवता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "सतरा राहिलं."

खोलीत शांतता होती. बाबांनी ती ऐकून घेतली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अकरा महिन्यांनी बाबा हसत होते.

बारकी पावलं न वाजवता स्वयंपाकघरात परत गेली. दोन कप भरलेले होते. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग दोन्ही ट्रेमध्ये ठेवून बाहेर आणले, एक बाबांच्या डावीकडे ठेवला आणि एक उजवीकडे.

शनिवारी सकाळी कोडं गेलं. सतरा दुरुस्त करून गेलं. तासाभरात संपादकांचं उत्तर आलं की जागा तुमचीच आहे, पुढच्या शनिवारची वाट बघतो. बाबांनी ते उत्तर दोनदा मोठ्याने वाचलं. एकदा बारकीकडे बघून, आणि एकदा कुणाकडेच न बघता.

लहान लॅपटॉप परत द्यायला ती गेली तेव्हा दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिलं. "मोठाच ठेवला?"

"हो."

"जागा पुरतेय?"

"आमच्याकडे त्या टेबलाशी पहिल्यापासून दोन खुर्च्या आहेत," बारकी म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पावती फाडून दिली.

रविवारी सकाळी बाबा गाडी बघायला खाली उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा, खिशात पुढच्या कोड्याचा कागद. "सावकाश ये, गाडी मी थांबवून ठेवतो," म्हणाले. आपण म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून जातोय, असं बारकीला आता वाटत नव्हतं. तिला फक्त घर सुटतंय याचं वाईट वाटत होतं, जसं कुठल्याही मुलीला वाटतं.

बाबांना जाऊन दहा-पंधरा मिनिटं झाली होती. जायच्या आधी आईचा चष्मा एकदा पुसून ठेवावा, म्हणून तिने टेबलाचा खण उघडला. तो चष्मा तिनेच बनवून दिलेला, आईचा शेवटचा. अकरा महिने तो डबीतच असायचा, आणि दर रविवारी बारकी तो पुसायची. डबी खणातच होती. रिकामी.

चष्मा टेबलावर होता. आईच्या खुर्चीसमोर, आकड्यांच्या बटणांशेजारी, काड्या उघडलेल्या. बाबांनी काढला असेल, ती मनात म्हणाली, आणि सवयीने तो उचलला. डाव्या काचेवर बोटाचा बारीक ठसा होता. आई नेहमी त्याच काचेला धरून चष्मा काढायची. चाळीसदा सांगूनही तिने काडीला धरलं नव्हतं.

बारकीने ओढणीच्या टोकाने काचा पुसल्या आणि काड्या मिटायला चष्मा हातात उलटा केला. नाकावर टेकणाऱ्या दोन्ही बारक्या गाद्यांना तिचा अंगठा लागला.

गाद्या कोमट होत्या.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. बारकीने काड्या मिटल्या नाहीत. चष्मा होता तिथे, होता तसाच ठेवला. "येते गं," ती म्हणाली, आणि दाराकडे वळली. मागे आकड्यांचं बटण दोनदा वाजलं. तिने वळून पडद्याकडे पाहिलं. समोर पुढच्या आठवड्याची कोरी चौकट होती, एकही शब्द नसलेली, आणि तिच्या पहिल्याच घरात सतरा लिहिलेलं होतं.