चांगदेव शिपायाची कावीळ

"सोमवारी दगडावर नावं कोरायला घेतील आणि त्यात यांचं नाव नाही," मंजुळाबाई म्हणाल्या.

जुनी इंदूरमधल्या त्यांच्या खोलीत मनीष चहा फुंकत बसला होता. शेजारी यशोधरा, खाजगी गुप्तहेर, मूळची साताऱ्याची. पन्नाशीचा मनीष तिचा सहकारी, पक्का इंदुरी. त्याचं डोकं पोह्यांच्या दुकानाबाहेर फारसं चालत नसे.

बाईंचे पती चांगदेव एकाहत्तरच्या लढाईत खंदकातलं घाण पाणी पिऊन आजारी पडले आणि महूच्या इस्पितळात काविळीनं गेले. लढाईत जडलेल्या आजारानं गेलेल्यांचीही नावं, मृत्यूच्या कारणासकट, नव्या युद्धस्मारकावर यायची होती. चांगदेवांचं नाव यादीत लागलं होतं. मग स्मारक समितीकडे निनावी टपालानं त्यांच्याच पत्राची झेरॉक्स आली आणि नाव गळलं.

मनीषनं ती वाचून दाखवली. "प्रिय मंजुळा, ही कावीळ मला भरतीआधीपासूनच आहे, पलटणीचा दोष नाही. पंचशीलच्या शिक्षेची काळजी घे."

"अक्षर त्यांच्यासारखंच आहे," बाई म्हणाल्या, "पण असं पत्र मला कधी आलंच नाही."

"त्यांची खरी पत्रं कोणाकडे आहेत?"

"माझ्या पेटीत. पंचशीलला, माझ्या मुलाला ठाऊक आहे. आणि थोडी दिराकडे, रामभाऊंकडे. वीस वर्षं आमचा अबोला आहे."

रामभाऊ खजरान्यात राहत. "वैर वहिनीशी आहे, भावाशी नाही," ते ताडकन म्हणाले. "साताऱ्याच्या शाळेत पाटी मी फोडली आणि मास्तरांची शिक्षा त्यानं भोगली. तो असा होता."

बाहेर येताच मनीष कुजबुजला, "हेच आहेत मॅडम. बीस साल की खुन्नस है."

पंचशीलचा कारखाना पोलोग्राउंडला. दारावर मोठी पाटी होती: 'अमर शहीद चांगदेव, सीने पर गोली खाई'. आत फोटोच फोटो. दर सव्वीस जानेवारीला शाळाशाळांतून हारतुरे घेणारा शहिदाचा मुलगा.

"आईची तकलीफ बघवत नाही, मॅडम," पंचशील म्हणाला. "पप्पा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा. माझी शिक्षा तिनं एकटीनं पूर्ण केली."

मनीषचे डोळे भरून आले. यशोधरा मात्र पाटीकडे बघत राहिली.

रविवारी तिनं सगळ्यांना बाईंच्या खोलीत बोलावलं.

"पत्र लिहिणारा सावध होता," ती म्हणाली. "हिंदीतला पीलिया टाळून त्यानं आठवणीनं कावीळ लिहिलं. पण एक शब्द हिंदीत आणि मराठीत सारखाच दिसतो, तिथं त्याचा पाय घसरला. मनीष, शिक्षा म्हणजे काय?"

"पढाई. आणखी काय?"

"इंदुरात शिकलेल्यांसाठी. साताऱ्यात शिक्षा म्हणजे छडी. रामभाऊंनाही ती छडीच आठवते. चांगदेवही त्याच शाळेतले. तीन वर्षांच्या पोराला छडी मिळावी म्हणून ते इस्पितळातून पत्र लिहितील? पंचशीलजी, तुमची शिक्षा आईंनी पूर्ण केली, असं तुम्हीच म्हणालात. दगडावर कारण कोरलं की दारावरची गोळी खोटी ठरणार होती."

आपण ज्याच्यासाठी रडलो त्यानंच हे केलं, या विचारानं मनीषला फार अपमानास्पद वाटलं.

पंचशीलनं नाकारलं नाही. "आई, पूरा पोलोग्राउंड हसला असता. पीलियानं मेलेला शहीद."

मंजुळाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गोळीची गोष्ट तू शाळेत पहिल्यांदा सांगितलीस, तेव्हा पोर आहे म्हणून मी गप्प बसले. आता माझीच पेटी उघडून, त्यांच्याच अक्षरात, त्यांनाच खोटं पाडलंस. शत्रूनंही त्यांचं एवढं वाईट केलं नव्हतं."

त्यांनी कोरा कागद सरकवला. रामभाऊंनी खिशातलं पेन काढून वहिनीपुढे ठेवलं.

"समितीला लिही. ते पत्र मी बनवलं. माझे वडील लढाईत जडलेल्या काविळीनं गेले. खाली तुझं नाव घाल."

"आई, माझी इज्जत..."

"तुझं शिक्षण माझ्याकडून कच्चं राहिलं," त्या म्हणाल्या. "ही शिक्षा आहे. मराठीतली."