पडद्यावर उतरलेला माईक

दामिनीने पडद्यावरची नजर न काढता शेजारी कोपर मारले. "रंजू, पाह्य ना वो! हिरोइनीच्या डोक्यावर माईक लोंबून राहिला. केसाळ... मांजरासारखा!"

"दिसला का जी तुमाले?" शेजारून पुरुषाचा आवाज आला.

दामिनी दचकली. मैत्रीण केव्हाच पाणी प्यायला उठली होती. तिच्या खुर्चीत एक उंच, सडपातळ तरुण बसला होता. गळ्यात मोठे हेडफोन.

"तुमी कोण जी?"

"त्या मांजराचा मालक," तो हळूच म्हणाला. "भूपेश. बपेरा गावचा. लांब काठीवर माईक धरतो ना, तो मीच."

आंबागडच्या समाजमंदिरात भरदुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. गावात महिनाभर शूटिंग चालले होते. जाण्याआधी दिग्दर्शक साहेब कच्चा सिनेमा गावाला दाखवत होते. आणि दामिनीला तर सिनेमातल्या चुका पकडायची खोडच होती. एका क्षणी ओली असलेली साडी पुढच्या क्षणी कोरडी, भिंतीवर कॅमेरावाल्याची सावली... तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

"हात दुखला होता का?" तिने विचारले.

"नाही..." तो अडखळला. "त्या दिवशी तुमी मागच्या बांधीत धानाची रोपं लावत, रोवणा करत होत्या. हसल्या. माझ्या कानात हे होते. तुमचं हसू इतक्या जवळून आलं, का... हात कवा खाली आला, समजलंच नाही."

बरे झाले, अंधार होता. दामिनीचे कान तापले.

"साहेबानं बजावलं आहे," तो पुढे म्हणाला. "आणखी एकदा माईक दिसला, तर पुढच्या सिनेमात दुसरा माणूस. आतापर्यंत कोणाले दिसला नव्हता."

तेवढ्यात दिवे लागले. साहेब उभे राहिले. "काही चुकलं असेल तर सांगा. अजून बदलता येईल."

"दामिनीले पुसा!" तुलारामकाका मागून ओरडले. "ते पोरगी सोडत नाही कोणाले!"

सगळ्या माना वळल्या. दामिनी उठली. भूपेश जमिनीकडे पाहत पुटपुटला, "सांगून टाका. माझ्यासाठी खोटं नका बोलू."

तिने पदर सावरला. "साहेब, तुमची हिरोइन रोवणा करताना समोर चालून राहिली."

"मग?"

"रोवणा मागं सरकत करतात जी. समोर गेलं तं आपणच लावलेले पऱ्हे आपल्याच पायाखाली येतात."

बायका खो खो हसल्या. "मी तं पयल्याच दिवशी म्हणत होती!" गोदावरीबाई म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तो तुकडाच बाद. उद्या सकाळी पुन्हा घेऊ. तुम्ही शिकवाल तिला?"

दामिनी मान हलवून खाली बसली.

"माईक त्याच तुकड्यात होता," भूपेश कुजबुजला.

"माहीत आहे मले."

"समोर चालणं चूक आहे, हे मीही सांगतलं होतं. पण माईकवाल्याचं कोण आयकते?"

"मी आयकून राहिली ना," ती म्हणाली... आणि मग तिला वर बघवेना.

सकाळी बारीक झिमझिम होती. हिरोइन दामिनीसोबत वाकून मागे मागे सरकत पऱ्हे लावत गेली आणि तुकडा मनासारखा झाला. चहासाठी सगळे धुऱ्यावर, बांधीच्या मातीच्या कडेवर, बसले. भूपेशने गळ्यातले बिनतारी हेडफोन काढून दामिनीच्या कानांवर ठेवले.

"पाहता तं तुमी लय. आता आयका."

तो काठी घेऊन बांधीच्या पार दुसऱ्या धुऱ्यावर गेला आणि माईक पाण्याजवळ धरला.

दामिनीने हेडफोन कानांवर दाबले. पात्यावरून थेंब घसरला, पाण्यात पडला... तिला त्याचा पडण्याचा आवाज आला! चिखलात कुठे तरी खेकड्याने बुडबुडा सोडला. दूरचा बगळा उडाला आणि त्याचे पंख अगदी कानाशी फडफडले. याच बांधीत तिचा जन्म गेला होता. इतके सगळे इथे रोज बोलत होते? आणि आपण नुसतं पाहत राहिलो, चुका शोधत... तिचे डोळे भरून आले. यात चूक काढायला काहीच नव्हते.

मग आवाज बदलला. एक श्वास आला.

"दामिनी..."

तिने पाहिले. तो तिकडे, ओठ जेमतेम हलत होते. आवाज मात्र इथे, तिच्या आत.

"आज आमची गाडी जाऊन राहिली. धान कापणीले आलं, का मी येऊ...? तुमच्या बाबाले भेटाले?"

धुऱ्यावर अख्खे गाव चहा पीत होते. कोणालाच काही ऐकू आले नाही. उत्तर द्यायला तिच्याकडे माईक नव्हता. ओरडले असते, तर ते सगळ्यांचेच झाले असते. मध्ये तिनेच आत्ता लावलेले कोवळे पऱ्हे होते.

तिने साडी किंचित उचलली... आणि समोर पाऊल टाकले.

"अवो दामिनी!" गोदावरीबाईंनी कप खाली ठेवला. "आपलेच पऱ्हे तुडवून राहिली का वो? येडी झाली का?"

तिला ते ऐकू गेले नाही. तिच्या कानांत फक्त पाणी वाजत होते. चुबुक... चुबुक... तिचीच पावले, त्याच्याकडे येणारी, एकेका पावलाला मोठी होत जाणारी.