खालच्या मजल्यावरची पंधरा मिनिटं

ट्रेसा, ब्लँकेट घेऊन कुठे निघालीस? गाडीत झोपायला, कुत्र्याजवळ? अगं, वेडी आहेस का तू! मग इथे बोटीच्या डेकवर तंबू कशाला चिकटवलास? अर्धा रोल टेप संपवलास की माझा.

"हॅल्वर काका, कुडकुडतंय हो ते पिल्लू. घोषणा झाली की खाली जाईन आणि मागच्या सीटवर लपून राहीन. कोण बघतंय?"

कोण बघतंय म्हणे! बस इथे, हीटरखाली. तुम्हीही या रे पोरांनो. ही गोष्ट ऐका आणि मग खुशाल जा, मी अडवणार नाही.

आयनार टोर्विक माझा दोस्त. चाळीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी जाळी टाकली. थापा मारायचा, नाही असं नाही, पण फक्त माशांच्या वजनाच्या. बायको गेल्यावर तो दर हिवाळ्यात आमच्या पीटर्सबर्ग बंदरातून याच बोटीने दक्षिणेला बहिणीकडे जायचा. पिकअपमध्ये धुरावलेल्या सामन माशांची खोकी आणि शेजारी त्याची म्हातारी कुत्री, बिर्डी.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. बिर्डी चौदा वर्षांची झाली होती आणि तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरने बजावलं होतं, रात्री दोनची गोळी चुकली तर सकाळ दिसायची नाही. कुत्र्यांना वर आणू देत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. केचिकन बंदर सोडलं, साडेदहाला घोषणा झाली, "गाड्यांचा मजला पंधरा मिनिटं उघडा आहे." पुढे खुला समुद्र, म्हणजे सकाळपर्यंत पुन्हा उघडणार नाही. मग दोनची गोळी द्यायची कोणी?

आयनारने तेच केलं जे तू करायला निघाली होतीस. पुढच्या सीटवर बिर्डीला कुशीत घेऊन आडवा झाला आणि वरून ताडपत्री ओढून घेतली. खलाशाने टॉर्च मारला. "चला चला, वेळ झाली! कोणी राहिलंय का?" याने ताडपत्री अजून घट्ट ओढली. लोखंडी दार धडकन बंद झालं आणि निम्मे दिवे गेले.

"एवढंच ना? मग काय झालं?" ट्रेसा म्हणाली.

दम धर की बाई.

साडेअकराला बोट डोलायला लागली. गाड्या बांधलेल्या साखळ्या करकरायला लागल्या. चार-पाच गाड्यांचे अलार्म एकदम कोकलले, मग एकेक करून थकले. आयनारचं धाबं दणाणलं. उतरून दारापर्यंत गेला, तर मूठ फिरेना. ठोकलं, ओरडला. इंजिनच्या घरघरीत कोण ऐकतंय! परत आला, आतून कुलूप लावलं. दोन वाजता चीजच्या तुकड्यात गोळी घालून बिर्डीला दिली. तिने खाल्ली. याचा जीव भांड्यात पडला.

आणि मग पावलं वाजली.

कोणीतरी गाड्यांमधून येत होतं. प्रत्येक काचेवर दोन टिचक्या. टक टक. थांबायचं. पुढची गाडी. टक टक.

आयनारला वाटलं, खलाशी आला, सुटलो! आता चार शिव्या खाऊ, पण वर जाऊ. ताडपत्री बाजूला करून उठून बसला. हाक मारणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. आवाज उजवीकडून येत होता. उजवीकडे मासळीचा ट्रक होता. पिकअपपासून चार बोटांवर. तिथून मांजरसुद्धा गेलं नसतं.

टक टक.

त्याच्याच काचेवर.

बिर्डीने डोकं वर केलं. आणि पोरांनो... तिने शेपटी हलवली.

बाहेरून आवाज आला. हळू. प्रेमळ. "वेळ झाली. सोड तिला. फिरवून आणतो. पंधरा मिनिटं फक्त."

आयनारने दाराचं कुलूप चाचपून पाहिलं.

"दमलीये रे ती..."

बिर्डी काचेकडे सरकायला लागली. चार महिने जिना चढली नव्हती ती. आता तिच्या पायांत जोर आला होता. आयनारने तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडला. मला सांगताना लाजला नाही. "तिच्याशिवाय कोण आहे रे मला?" एवढंच म्हणत राहिला.

बाहेर...

काही नाही.

पण पावलं परत गेली नाहीत. कोणी तिथेच उभं होतं. तीन वाजले. चार. पाच. आयनारचे हात बधिर झाले. सोडले नाहीत. डोळा लागू दिला नाही.

सातला दार उघडलं, दिवे लागले. खलाशी गाडीपाशी येऊन हबकलाच. "अहो आजोबा, रात्रभर इथे होतात? अक्कल गहाण टाकलीत का?" आयनार हसला. बिर्डी त्याच्या कुशीत होती. श्वास चालू होता. जिंकलो, असं वाटलं त्याला.

त्याने तिची मान कुरवाळली. गळ्यातला पट्टा नव्हता.

पट्ट्याच्या जागी दोरी होती. जुनी, काळपट, ओली. चाळीस वर्षं जाळी विणलेल्या माणसाने तसली गाठ कधी पाहिली नव्हती. सुटेना, म्हणून चाकूने कापली.

दोरीचं दुसरं टोक उजव्या दाराच्या फटीतून बाहेर गेलं होतं. काच वर होती. दार आतून बंद होतं.

आयनारने ती ओढली. हात, दोन हात... आली सगळी. टोकाला फास होता. कुत्रं फिरवताना हातात धरायचा. मुठीएवढा.

मजल्यावरचं लोखंड हाताला चिकटत होतं, इतकी थंडी. आणि तो फास...

गरम होता.