पहिली स्वारी सोपानची

"तुमचा तळ माझ्या पोरांना फेकून देतोय, डॉक्टर!" असं म्हणत सुगंधा ढेबे नियंत्रण कक्षात शिरली. तिच्या खांद्यावरच्या दोरपिशवीतून पाणी गळत होतं, आणि डॉ. निरंजन उकिडव्यांच्या पडद्यांवरचे सगळे आलेख मात्र ऐटीत वर चढत होते.

"फेकून देतोय?" उकिडव्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, आकडे तर उलटं सांगताहेत. फळ्या लाटेवर इतका वेळ आजवर कधीच टिकल्या नव्हत्या."

"मग आकड्यांनाच पाण्यात उतरवा. सकाळपासून पडलेल्यांना दोर टाकून टाकून माझे खांदे निखळायची वेळ आलीय. माझी मैना तर उभी राहिली न राहिली तोच तोंडावर आपटली. ओठ फुटलाय पोरीचा. आणि रविवारी परदेशी संघासाठी तिची निवड आहे!"

कक्ष म्हणजे नदीच्या काठावर खांबांवर उभारलेली एक काचेची खोली. खाली काळवी नदी. वरच्या अंगाला वीजघर, तिथून रोज सकाळी पाणी सुटतं आणि संध्याकाळी बंद होतं. भोरदरा गावाखाली एके ठिकाणी या पाण्यातून लाट उठते आणि उठते तिथेच थांबते. समुद्राची लाट धावत येऊन काठावर फुटते. ही तशी नाही. पाणी तिच्यातून धावत निघून जातं आणि ती आपली जागच्या जागी. गावानं तिला नाव ठेवलं थांबी. तिच्यावर फळी टाकून, प्रवाहाकडे तोंड करून माणूस उभा राहिला की वाऱ्यासारखा सुसाट सुटतो आणि पोचत मात्र कुठेच नाही. भोरदऱ्यातली माणसंही पिढ्यान् पिढ्या अशीच जगत आली, असं कुणी खवचटपणे म्हणालं तर त्याला गावात चहासुद्धा मिळायचा नाही.

थांबीवर पहिल्यांदा उभा राहिला तो सुगंधाचा नवरा, सोपान. मोडक्या ट्रकची एक फळी त्यानं तासून घेतली, काठच्या जांभळीला दोर बांधला आणि उतरला. लोक म्हणाले, ढेब्यांचा सोपान कामातून गेला. दोन वर्षांत त्याच लोकांची पोरं काठावर रांग लावून उभी होती. एकानं स्वारी करायची, बाकीच्यांनी आपापल्या फळीवर तळहातानं थाप देऊन त्याला दाद द्यायची, हा रिवाजही त्याचाच. मग बाहेरगावचे लोक यायला लागले. खानावळी निघाल्या, घराघरात पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, भोरदऱ्याला पहिल्यांदाच बरे दिवस आले.

आणि मग तो महापूर. डोंगराची एक बाजूच खाली आली. थांबी ज्या कातळावर उठायची तो कातळ गेला. काठावर अडकलेल्यांना दोर टाकून ओढून काढता काढता सोपानही गेला. फळी सापडली, सोपान सापडला नाही.

लाट गेली तसं गावही ओस पडायला लागलं. तेव्हा एक कंपनी आली आणि तिच्याबरोबर हे उकिडवे आले, शिकाऊ तळ घेऊन. नदीच्या तळाशी पोलादी पत्रे, पत्र्यांखाली हवेच्या उशा. उशा फुगल्या की पत्रे वर यायचे, बसल्या की खाली जायचे, आणि पत्र्यांच्या चढउतारावर लाटेचा आकार ठरायचा. प्रत्येक फळीला एक संवेदक चिकटवलेला, दिसायला अगदी कपाळाच्या टिकलीएवढा. म्हणून नाव पडलं टिकली.

"तळाला तुम्ही नेमकं सांगितलंय तरी काय?" सुगंधानं ओली पिशवी थेट टेबलावर ठेवली.

"एकच गोष्ट. टिकली लाटेवर जास्तीत जास्त वेळ राहिली पाहिजे. तो पत्रे हलवून बघतो. टिकली जास्त टिकली तर ती हालचाल लक्षात ठेवतो, वाहून गेली तर सोडून देतो. चांगल्या स्वाऱ्यांवरून शिकतो, आणि जे कमी कष्टात जमतं ते आधी धरतो. आपल्यासारखाच आहे."

"म्हणजे फळी टिकली पाहिजे. माणूस नाही?"

"फळीवर माणूस असतोच की, सुगंधाबाई."

हे वाक्य बोलून झालं आणि उकिडव्यांचा चेहरा उतरला. ते पडद्याकडे वळले आणि जुन्या स्वाऱ्यांच्या नोंदी भराभर मागे सरकवत गेले. सुगंधाला वाटलं, या माणसाला बरंबिरं वाटत नाहीये की काय.

"दर रविवारी पहिली स्वारी सोपानरावांची असते ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

असायची. नव्या लाटेच्या पहिल्या दिवसापासून असायची. सोपानची जुनी फळी धुऊन पुसून, रिकामीच थांबीवर सोडायची आणि ती वाहून जाईपर्यंत दुसऱ्या कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. त्या फळीलाही टिकली लावायचा हट्ट सुगंधाचा होता. "सगळ्यांना मोजता, मग त्यालाही मोजा. तो काय परका आहे?" असं ती भर समारंभात म्हणाली होती आणि अख्ख्या गावानं फळ्या वाजवल्या होत्या. उकिडव्यांनी विचार केला, लावली टिकली तर बिघडलं कुठं?

सुरुवातीला ती फळी क्षणात उलटायची. मग थोडी थोडी टिकायला लागली. अलीकडे तर लोक कंटाळून खाली बसेपर्यंत लाटेवर डोलत राहायची. बायका नारळ घेऊन यायला लागल्या. 'सोपान आला' म्हणून म्हातारे हात जोडायचे. आणि सुगंधा? ती कातळावर बसून त्या फळीशी मनातल्या मनात बोलायची. मैनाचं कसं चाललंय, घराचं छप्पर गळतंय, सगळं सांगायची. आठवड्यातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता.

"रिकामी फळी हलकी, स्थिर," उकिडवे अगदी हळू बोलत होते. "पाय घसरत नाही, तोल जात नाही, घाबरत नाही. तळाच्या दृष्टीनं आजवरची सगळ्यात उत्तम स्वारी तीच. त्यावरून तो शिकला की माणूस खाली पडला तर फळी जास्त टिकते. म्हणून तो माणसांना पाडतोय."

सुगंधानं ओली पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "म्हणजे सोपान येत नव्हता."

 उकिडव्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक जगदाळे आत आले. सगळं ऐकून घेतलं आणि वर म्हणाले, "मग एवढं काय बिघडलंय? माझं ऐका. गर्दी येते ती तुमच्या मिस्टरांची फळी बघायला. स्वार पडले तर पडू देत. फळी उभी आहे ना?"

तिनं पिशवी उचलून त्यांच्या टाळक्यात घातली नाही, हे जगदाळ्यांचं नशीब. "मी माणसांना दोर टाकते, साहेब. फळ्यांना नाही," ती म्हणाली आणि उकिडव्यांकडे वळली. "टिकली फळीची काढा. माणसाला लावा. पायाला, घोट्याला. सोपानच्या फळीचं सगळं पुसून टाका. मग तर माणसाला सांभाळेल ना तुमचा तळ?"

उकिडव्यांनी विचार केला. म्हणणं रास्त होतं. "सांभाळेल. पण त्याला नव्यानं शिकावं लागेल. निदान महिनाभर तरी चाचण्या घ्यायला हव्यात."

"रविवारी निवड आहे. निवडणारे परदेशातून आलेत, महिनाभर थांबणार आहेत का? पोरीची सतरा वर्षं या काठावर गेली. निवड झाली तर सुटेल इथून. रविवारच्या आत करा."

जगदाळ्यांनाही हेच हवं होतं. दोघं एका बाजूला झाल्यावर उकिडव्यांचं काय चालणार!

सोपानच्या फळीवरची टिकली सुगंधानं स्वतः नखानं खरवडून काढली आणि स्वतःच्या हातानं मैनाच्या घोट्यावरच्या पट्ट्यात बसवली.

सगळ्यांच्याच टिकल्या घोट्यावर आल्या आणि दोन दिवसांत थांबीचा नूर पालटला. आधी स्वार उभे राहायला लागले. मग त्याहून नवल घडलं. पडलेला माणूस पूर्वी खाली वाहत जायचा आणि कडेच्या संथ पाण्यातून बाहेर यायचा. आता लाटेखालचं पाणी उलटं फिरून त्याला पुन्हा लाटेपाशी आणून सोडायला लागलं. पडा, वर या, फळी पकडा, परत उभे राहा! पोरांनी नुसता धिंगाणा घातला.

"आये, नदी सोडतच नाही बघ!" मैना खिदळत ओरडली.

सुगंधाही हसली. फुटलेल्या ओठानं हसणारी पोर बघून कुणाला बरं वाटणार नाही? दिवसभरात तिला एकदाही दोर टाकावा लागला नाही. पिशवी कोरडीच घरी गेली. तिचे हात मोकळे मोकळे वाटत होते, आणि ते काही तिला फारसं आवडलं नाही.

शनिवारी रोहिदास पाण्यात होता. सोपानचा जुना सोबती, पट्टीचा पोहणारा. तो बाहेर आला तो खोकत खोकत. "वहिनी, पाण्याखाली वर कुठं आणि तळ कुठं तेच कळेना मला," तो म्हणाला. "बराच वेळ फिरत राहिलो."

 सुगंधानं उकिडव्यांना गाठून सांगितलं. ते म्हणाले, "मी म्हणतोच आहे, पुढे ढकलू या. तळ अजून शिकतोय. तुम्ही 'नको' म्हणालात तर जगदाळ्यांना ऐकावंच लागेल. दोरवाल्या तुम्ही आहात."

खरंच, तिच्या एका शब्दावर थांबलं असतं. तिनं काठाकडे पाहिलं. मैना आपल्या फळीला मेण घासत होती. सगळ्या गावाचं आयुष्य जागच्या जागी गेलं, निदान हिचं तरी जाऊ नये, असं तिच्या मनात आलं.

"होऊ दे रविवारी," ती म्हणाली.

रविवारी काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिली स्वारी सोपानची. बिनटिकलीची फळी पाण्यावर टेकली आणि तिथल्या तिथे उलटून वाहून गेली. गर्दीतून "अरेरे!" झालं. सुगंधाला वाटलं, हा दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला मीच लावून दिला. पण रडायला वेळ नव्हता, कारण पुढचं नाव मैनाचं होतं.

काय सुरेख उभी राहिली पोर! गुडघे सैल, नजर वर प्रवाहाकडे, थेट बापासारखी. फळ्या वाजायला लागल्या. काठावरच्या मोठ्या फलकावर स्वारीच्या वेळेचे आकडे सरकत होते. मैनानं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, तिसरीला तोल गेला आणि ती पडली.

तिची फळी वाहत खाली गेली. मैना गेली नाही.

सुगंधानं दोर टाकला. शिकवल्याप्रमाणे हाक मारून, डोक्याच्या पलीकडे, प्रवाहाला आडवा. पण डोकं होतं कुठं? एकदा हात दिसला, एकदा पाठ. फेसाच्या भिंतीमागे पाणी गोल गोल फिरत होतं. दोर रिकामा परत आला. तिनं पुन्हा टाकला.

आणि फलकावर आकडे सरकतच होते. टिकली लाटेतच होती ना! तळाला काय कळणार, घोट्याला पाय आहे आणि पायाला जीव आहे हे? माणसाला उभं ठेवायचं तर त्याच्या तोलावर भरवसा ठेवावा लागतो. खाली धरून ठेवायला नुसतं पाणी पुरतं. त्यानं कमी कष्टाचं ते धरलं, आणि लांबच्या लोकांना काहीच न कळल्यामुळे ते आकडे बघून फळ्या बडवत राहिले. ध्वनिक्षेपकावरून जगदाळे ओरडत होते, "विक्रम! वडिलांचाही विक्रम मोडला!"

"बंद करा! डॉक्टर, तळ पाडा!" सुगंधाचा आवाज फाटला. वर काचेमागे उकिडवे दोन्ही हातांनी कळा दाबत होते. पण हवेच्या उशा रिकाम्या व्हायच्या त्या त्यांच्या गतीनंच. एक एक करून पत्रे बसले. थांबी हळूहळू लहान झाली, सपाट झाली, आणि काळवी साध्या नदीसारखी वाहायला लागली. तेव्हा तिनं मैनाला सोडलं. रोहिदासनं खालच्या वळणावर तिला उचलून घेतलं. वर आणली तेव्हा पोरीत काही उरलं नव्हतं.

उकिडव्यांनी त्याच दिवशी तळाचं सगळं शिकणं कुणाला न विचारता पुसून टाकलं आणि गाव सोडलं. पण भोरदऱ्याचं पोट थांबीवर. महिन्याभरानं गावानंच कंपनीकडे जाऊन लाट सुरू करायला सांगितली. तळ पुन्हा कोरा, नव्यानं शिकणार. फलकावर सगळ्यात वर मैनाचं नाव होतं आणि ते पुसायचं नाही असं गावसभेत ठरलं होतं. मानच होता तो. सगळ्यांना अगदी मनापासून तसं वाटत होतं, हेच तर वाईट.

रविवारी पाणी सुटलं. रोहिदास मैनाची फळी धुऊन पुसून घेऊन आला. फळीवर झेंडूची माळ होती. मागे सगळा गाव आपापल्या फळ्या घेऊन उभा होता.

"वहिनी, आता पहिली स्वारी मैनाची," त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं तळहात पुढे केला. त्यावर नवी कोरी टिकली होती. "तुमच्याच हातानं लावा. तिलाही मोजू दे."

सुगंधानं टिकली उचलली. क्षणभर तिच्या बोटाच्या टोकावर ती तशीच राहिली. मग तिनं ती दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडानं ठेचली, भुगा होईपर्यंत ठेचत राहिली. 

"मोजू नका," ती म्हणाली. "माझ्या माणसांना आता मोजू नका."

तिनं दोरपिशवी खांद्याला लावली आणि लाटेच्या खालच्या अंगाला आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.