टेलरबाईंच्या पुड्या

"माझ्या चूर्णात सुंठ, हळद आणि डिंक सोडून काही निघालं, तर दवाखाना आजच बंद करतो!" वैद्य खुर्चीत न बसताच म्हणाले.

औषध खात्याच्या तपासनीस बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचे सोबती, निवृत्त मास्तर, मात्र गुडघा चोळत राहिले. दोन महिने तेही हेच चूर्ण घेत होते. कालपासून त्यांनी ते बंद केलं होतं.

कारणही तसंच होतं. संधिवाताने बोटं आखडलेल्या टेलरबाई चार दिवसांपूर्वी शिलाई मशीनवरच कोसळल्या होत्या आणि आता हॉस्पिटलमध्ये होत्या. डॉक्टर म्हणाले, कितीतरी महिने पोटात स्टेरॉइड जात होतं, ते अचानक बंद झालं, म्हणून रक्तदाब घसरला. टेलरबाई तर डॉक्टरी गोळीला हातही लावत नसत, घेत ते फक्त वैद्यांचं चूर्ण. लोकांनी वैद्यांनाच गुन्हेगार ठरवलं.

"मास्तर, तुमच्या गुडघ्याला फरक?" वाटेत बाईंनी विचारलं.

"तसूभरही नाही."

"हं," म्हणत बाईंनी ते वहीत टिपलं.

टेलरबाईंच्या सुनेने दार उघडलं. डोळे सुजलेले, नजर जमिनीकडे. मास्तरांना ती पहिल्या क्षणापासून खटकली.

"आधी महिनाभर गुण नव्हता," ती म्हणाली. "आई बरणीतून चमचाभर घ्यायच्या. हात थरथरून निम्मं सांडायचं. मग त्याच चूर्णाच्या मापाच्या पुड्या घरात आल्या, आणि पंधरा दिवसांत त्या सुईत दोरा ओवायला लागल्या."

"आणि गेल्या आठवड्यात?"

"मामंजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्यांकडे गेले होते. पुड्या संपल्या, म्हणून मी बरणीतलंच दिलं. चौथ्या दिवशी आई पडल्या." तिने मान वर केली. "माझ्याच हातून झालं का हो?"

डोळ्यावर पट्टी बांधलेले सासरे, म्हणजे टेलरबाईंचे यजमान, आतून आले. "त्या वैद्याला सोडू नका!" बाईंनी फोन नंबर मागितला, तेव्हा त्यांनी तो कागदावर लिहिला, झटकन चौकोनी घडी घातली आणि एक टोक दुसऱ्यात खोचून दिलं.

"छान घडी. नोकरी कुठे होती?"

"होती अशीच. एका दुकानात."

निघताना बाईंनी बरणीतलं थोडं चूर्ण घेतलं. मशीनच्या खणात बटणं ठेवायला वापरलेली, टोकात टोक खोचलेली चूर्णाची एक जुनी पुडीही उचलली.

"सूनच!" रस्त्यावर येताच मास्तर म्हणाले. बाईंनी पुडी पिशवीत घालून सील केली.

तीन दिवसांनी हॉस्पिटलच्या खोलीत सगळे जमले. टेलरबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"प्रयोगशाळेचा निकाल आलाय," बाई म्हणाल्या. "बरणीतलं चूर्ण स्वच्छ. मास्तरांना गुण आला नाही, तेव्हाच ते वाटलं होतं. पुडीच्या कागदावर मात्र स्टेरॉइड सापडलं."

वैद्य आत्ता कुठे खुर्चीत बसले.

"म्हणजे भेसळ बरणीत नाही, पुड्या बांधताना झाली. पुड्या सुरू झाल्या आणि बोटं सुटली. पुड्या संपल्या, बरणीतलं शुद्ध चूर्ण सुरू झालं आणि या कोसळल्या. मग पुड्या बांधत कोण होतं? काका घरात नसताना नव्या पुड्या झाल्याच नाहीत. आणि दोऱ्याशिवाय अशी घट्ट पुडी औषधाच्या दुकानात आयुष्य घालवलेला माणूसच बांधतो. काका, कुठल्या दुकानात होतात, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत."

सासरे स्टुलावर बसले. मास्तरांनी सुनेकडे पाहून मान खाली घातली.

"सहा वर्षं ती रात्रभर कण्हायची," सासरे पुटपुटले. "गोळी घे म्हटलं, तर अंगावर यायची. मी गोळ्या कुटून चूर्णात मिसळत गेलो. एकदम थांबवायचं नसतं, ठाऊक होतं मला. मी परत येईपर्यंत पुड्या पुरतील असं वाटलं."

"आणि इथे माझ्या उशाशी बसून वैद्यांना शिव्या घालत होतात," टेलरबाई म्हणाल्या.

"घाबरलो होतो गं."

"मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते. बोटं माझी होती."

मग टेलरबाईंनी सुनेचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळल्या.

"आता काय घ्यायचं, किती घ्यायचं, ते मला सांगा, डॉक्टर. यांना नको."